वसईचा तट नेमका कुठे पडला?

वसईचा किल्ला पाहायला गेलेला माणूस बहुधा तटाकडे बघून थक्क होतो. सुमारे ११० एकरांचा घेर, जागोजागी तीस फुटांच्या पुढे गेलेली भिंत, बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले बुरूज, आणि आत शिरताना वाकडी होत जाणारी वाट. असा तट कुणी घेतला कसा, हा प्रश्न मनात येतोच. मलाही तो पहिल्या फेरीतच पडला होता. पुढे वेढ्यांची हकीकत क्रमाने वाचत गेलो, तसा प्रश्नच बदलला. हा तट घेतला कसा यापेक्षा, ज्या दिवशी तो पडला त्या दिवसाआधी किती दूर आणि किती आधी काय काय पडलं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं.

म्हणून हे प्रकरण मांडतो आहे. किल्ला एकच, जागा तीच, भिंतीही बव्हंशी त्याच. पण १५३४ ते १८१८ या काळात तो गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे, त्यांच्याकडून मराठ्यांकडे, मग इंग्रजांकडे, पुन्हा मराठ्यांकडे आणि अखेर इंग्रजांकडे गेला. यातल्या दोनच वेळा तटावर खरा मारा झाला.

आधी जागा समजून घ्यावी लागते. नकाशात पाहिलं तर वसई म्हणजे उल्हास नदीच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर काठावर जमिनीचं एक टोक आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला खाजण आणि दलदल. कोरड्या पायांनी यायचं तर उत्तरेकडूनच, आणि तिथेही वाळू. किल्ल्याचा आकार साधारण त्रिकोणी, त्यातल्या एकाच बाजूला शत्रूला मोर्चे लावता येतील अशी जमीन. खाडीच्या पलीकडे साष्टी बेट, आणि त्याच्या वायव्य टोकाला, खाडीच्या तोंडावरच धारावीची टेकडी. ही मुंबईतली धारावी नव्हे, भाईंदर-उत्तनकडची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

सुलतान बहादूरशहाच्या वेळी इथे लहानसं ठाणं होतं. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने आरमार आणून ते उद्ध्वस्त केलं. पण वसई पोर्तुगीजांना मिळाली ती त्या हल्ल्याने नव्हे. उत्तरेकडून हुमायून गुजरातवर चालून येण्याची चिन्हं होती, बहादूरशहाला एका वेळी दोन शत्रू परवडणारे नव्हते, म्हणून २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने त्याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख देऊन टाकला. वसईचं पहिलं हस्तांतर असं तटाशिवायच झालं. तट नंतर बांधला गेला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो आज दिसतो त्या घेराचा झाला, आणि चौल, दमण, दीव धरून जो ‘उत्तर प्रांत’ होता त्याची राजधानी इथे बसली. आत चर्च, मठ, दवाखाना, उमरावांचे वाडे. वसईचा घडीव दगड गोव्याच्या चर्चना जायचा, इथल्या गोदीत जहाजं बांधली जायची.

सरहद्दीवरचा किल्ला म्हणून वसईची पहिली कसोटी फारशी कुणी सांगत नाही. १६७४ मध्ये मस्कतचे सुमारे सहाशे अरब किनाऱ्यावर उतरले. त्यांनी तटाबाहेरची चर्च लुटली, लोकांचे हाल केले, आणि आतली शिबंदी दरवाजे लावून बसली. तटाला खरचटलंही नाही. पण तटाच्या आत बसून बाहेरचा मुलूख राखता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या उत्तर कोकणाला दिसलं. त्याच सुमारास मोरोपंत पेशवे कल्याणला येऊन चौथाई मागत होते. मला या प्रकरणाची सुरुवात इथे वाटते. किल्ला जसाच्या तसा उभा होता आणि त्याचा धाक मात्र गेला होता.

त्यानंतर सरहद्द हळूहळू किल्ल्याकडे सरकत आली. पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्रज राजा यांच्या लग्नाच्या १६६१ च्या तहाने मुंबई आधीच इंग्रजांना गेली होती, साष्टी वसईकडे राहिली. त्यामुळे दक्षिणेकडे एक असा शेजारी आला ज्याला साष्टीचं भात आणि तिथली बंदरं हवी होती. १७२० च्या सुमारास कल्याण मराठ्यांकडे आलं, म्हणजे पूर्वेकडून मराठी फौज खाडीच्या वरच्या अंगाला येऊन बसली. खुद्द साष्टीत फिरंग्यांच्या धार्मिक जाचाला कंटाळलेले हिंदू वतनदार पुण्याशी संधान बांधून होते. अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, अंताजी रघुनाथ कावळे ही त्यातली ठळक नावं. वाटा, ओहोटीच्या वेळा, कुठल्या चौकीवर किती माणसं आहेत ही माहिती या लोकांकडे होती. वेढ्याच्या वर्णनांत तोफांची संख्या सगळे देतात. पाण्यातून चालत जाता येईल अशी जागा कुणी दाखवली हे मोजलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

ठाण्याला खाडीवर एक नवा किल्ला बांधायचं काम पोर्तुगीजांनी काढलं होतं. ते पुरं व्हायच्या आत, मार्च १७३७ च्या अखेरीस, मराठे खाडी उतरून साष्टीत शिरले आणि ठाणं घेतलं. माझ्या मते वसईचा निकाल तेव्हाच अर्धा लागला. गोव्याची मदत समुद्रातूनच यायची हे खरं, पण रोजचं धान्य, लाकूडफाटा, मजूर आणि बातम्या साष्टीतून येत. ते सगळं एका आठवड्यात तुटलं.

अर्धाच म्हणतो, कारण पुढचं वर्ष-दीड वर्ष मराठ्यांना वसई काही घेता आली नाही. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. शंकराजीपंत फडके वसईसमोर तळ देऊन होते, पण नुसतं समोर बसून किल्ला पडत नाही. त्यातच त्या वर्षाअखेर पेशव्यांच्या फौजा निजामाशी लढायला भोपाळकडे गुंतल्या. पोर्तुगीजांना दम मिळाला आणि त्यांनी तो तट दुरुस्त करण्यात आणि मदत मागण्यात घालवला.

१७३८ च्या अखेरीस चिमाजीअप्पा पूर्ण तयारीनिशी उतरले, तेव्हाचा त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. वय एकतिशीचं, मोठे भाऊ बाजीराव उत्तरेत नाव गाजवून आलेले, आणि समोर वसई दिसत असताना अप्पा तिच्यावर सरळ गेले नाहीत. आधी केळवे-माहीम, मग तारापूर. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर पडले. मराठ्यांची पहिल्या प्रतीची माणसं अशा आज फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ठाण्यांवर खर्ची पडली आहेत. उत्तरेची वाट अशी बंद झाल्यावर १७ फेब्रुवारीला वसईला वेढा बसला. वेढा चालू असतानाच मार्चमध्ये दक्षिणेकडे वर्सोवा आणि धारावी घेतली गेली.

धारावी हाती येण्याचा अर्थ असा. त्या टेकडीवर तोफ चढवली की खाडीच्या तोंडातून वसईच्या बंदर-दरवाज्याकडे येणारं गलबत तिच्या टप्प्यात येतं. म्हणजे किल्ल्याची जी बाजू पाण्याने राखलेली होती, जिच्या भरवशावर दोनशे वर्षं कारभार चालला होता, तीच आता कोंडीची बाजू झाली. दक्षिण तटावरून पलीकडे पाहिलं की आजही हे पटतं. अंतर डोळ्यांत मावण्याइतकं आहे.

शिवाय गोवा स्वतःच अडकलं होतं. जानेवारी १७३९ मध्ये मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या हद्दीत फौज घेऊन शिरले होते, त्यामुळे उत्तर प्रांताला पाठवायला तिथे माणसं उरली नाहीत. राहिले मुंबईचे इंग्रज. वसईने त्यांच्याकडे हात पसरले. इंग्रजांना मराठे साष्टीत नको होते, पण पोर्तुगीजांसाठी मराठ्यांशी लढायचंही नव्हतं. त्यांनी पंधरा हजार रुपये कर्ज दिलं, आणि तारण म्हणून चर्चमधली चांदी आणि बुरुजांवरच्या काही पितळी तोफा घेतल्या. वेढा पडलेला असताना बुरुजावरची तोफ गहाण पडते, या एका गोष्टीत वसईची आतली अवस्था जेवढी दिसते तेवढी दुसऱ्या कशात दिसत नाही.

तरीही आतली माणसं लढली. हे नीट म्हटलं पाहिजे, कारण आपल्याकडे विजयाची गोष्ट सांगताना समोरच्याला भित्रा करून टाकायची सवय आहे, आणि त्याने आपल्याच माणसांचं मोल कमी होतं. उत्तर प्रांताचा सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यातच मारला गेला. त्याच्यामागे कायतान द सौझा परेरा याने किल्ला धरून ठेवला. मराठ्यांना उत्तरेच्या वाळूतून चर खणत तटापर्यंत पोचायचं होतं, वरून मारा सतत चालू होता. तोफांनी तट हवा तसा ढासळेना, म्हणून भिस्त सुरुंगांवर. सुरुंग म्हणजे तटाच्या पायाखाली बोगदा नेऊन दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. नेम चुकला, दारू सर्दावली किंवा बत्ती उशिरा पोचली तर आपलीच माणसं जातात.

मे महिन्याच्या मध्यावर नेमकं तेच झालं. रेमेदी आणि सेंट सेबास्टियन या बुरुजांकडच्या तटाखाली सुरुंग तयार होते. पहिले उडाले, खिंडार पडलं, लोक निशाणं घेऊन वर धावले. आणि जो सुरुंग आधी पेटला नव्हता तो ती माणसं खिंडारात असताना पेटला. शेकडो माणसं एका क्षणात गेली. वरून हातगोळे, दगड, जे हाती येईल ते पडत होतं. हल्ला मागे आला. दुसऱ्या दिवशी सेंट सेबास्टियन बुरुजाचा सुरुंग उडाला, तो नीट उडाला, आणि या वेळी मराठे बुरुजावर चढले ते खाली उतरले नाहीत. आत पोर्तुगीजांनी पुन्हा आडोसे उभारले, पण दारूगोळा आणि माणसं दोन्ही संपत आली होती. १६ मे १७३९ रोजी त्यांनी तह मागितला.

वसई मिळत नसेल तर माझं मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात पाडा, असं अप्पा म्हणाले अशी गोष्ट घरोघर सांगितली जाते. सांगावी. पण त्या गोष्टीच्या छायेत दोन वर्षांचं काम झाकलं जातं. ज्याने खाडीचा एकेक नाका उचलला, तारापूरला माणसं गमावूनही क्रम सोडला नाही, उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरल्याच्या बातम्या येत असताना आणि तिकडे फौज हवी असताना मोर्चे उठवले नाहीत, तो सेनापती मला त्या एका वाक्यापेक्षा मोठा वाटतो.

तहाच्या अटीही याच धीराच्या आहेत. शिबंदीने हत्यारं घेऊन, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडावं. कुटुंबं आणि चीजवस्तू हलवायला आठ दिवस. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांच्यासाठी वसईत, तिच्या मुलखात आणि साष्टीत एकेक चर्च. २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला. मराठ्यांच्या बाजूने मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर गेले असं मराठ्यांच्याच बाजूने मान्य झालं; पोर्तुगीज तो आकडा बारा हजार सांगत. आतले मेलेले आणि जखमी मिळून आठशेच्या आसपास. जुलै संपायच्या आत मुंबईच्या इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला पाठवून मराठ्यांशी तह करून टाकला. त्यांना वारा कळला होता.

फिरंग्यांच्या चर्चच्या घंटा सह्याद्रीच्या देवळांत गेल्या. भीमाशंकराला, नाशिकला नारोशंकराच्या देवळाला, मेणवलीला वाईजवळ. घंटेच्या अंगावर क्रूस आणि सालाचा आकडा, आणि ती वाजते शंकरापुढे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ आहे. वसईहून वाईला ती घाट चढून कशी नेली असेल, याचा मी तिच्यासमोर उभा राहून बराच वेळ विचार केला होता. बैल किती लागले असतील, कुठल्या वळणावर गाडा अडला असेल.

आता दुसरा वेढा. मराठ्यांकडे वसई चाळीस वर्षं राहिली. या काळात तटावर काही आलं नाही, पण तटाच्या बाहेर जुनीच गोष्ट पुन्हा घडली. १७७४ च्या डिसेंबरात पुण्याच्या घरच्या भांडणाची संधी साधून इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी बळकावली. राघोबादादांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टीबरोबर वसईही लिहून दिली होती. पुण्याच्या कारभाऱ्यांनी ते मानलं नाही, म्हणून वसई राहिली, साष्टी गेली. म्हणजे १७३७ मध्ये पोर्तुगीज जिथे उभे होते तिथे आता मराठे उभे होते. खाडीच्या पलीकडचा काठ शत्रूकडे.

१७८० च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा जनरल गॉडर्ड वसईसमोर आला. वेढ्याच्या जड तोफा त्याने समुद्रमार्गे आणल्या होत्या. मोर्चे लागले ते पुन्हा त्याच उत्तरेच्या अंगाला, दुसरी जागाच नाही. पण पद्धत निराळी. अप्पांना जिथे तटाच्या पायापर्यंत माणसं न्यावी लागली, तिथे गॉडर्डने नऊशे यार्डांवर पहिला मोर्चा बांधला आणि पुढे सरकत ९ डिसेंबरला पाचशे यार्डांवरून चोवीस पौंडी तोफांचा आणि वीस उखळी तोफांचा मारा सुरू केला. उखळी तोफेचा गोळा तटावर आदळत नाही, तटावरून आत पडतो. बांधणाऱ्यांनी ज्या उंचीवर भरवसा ठेवला होता तिचा त्या माऱ्यापुढे उपयोग नव्हता.

तरीही माझ्या मते हाही वेढा तटावर सुटला नाही. नाना फडणविसांनी रामचंद्र गणेश यांना मदतीला पाठवलं होतं. इंग्रज अधिकारी हार्टलीने कोकणातली आपली तुकडी वसईच्या पूर्वेला, वज्रेश्वरीच्या वाटेवर दुगाडला आणून त्यांची वाट अडवली. तीन दिवस झुंज झाली. किल्ल्यात तोफांचे आवाज पोचत असतील का, हा विचार मला त्या भागातून जाताना नेहमी येतो. १२ डिसेंबरला सकाळी दाट धुकं होतं. त्या आडोशाने रामचंद्र गणेश इंग्रजांच्या मोर्चाजवळ गेले, अचानक धुकं फाटलं, आणि ते गोळीबाराच्या तोंडी सापडून पडले. त्यांच्याबरोबर लढणारा, त्या दिवशी जखमी झालेला एक सरदार पोर्तुगीज होता, नरोन्हा. ज्या किल्ल्यातून चाळीस वर्षांपूर्वी त्याचे देशबांधव निशाणं घेऊन बाहेर पडले, तो किल्ला मराठ्यांसाठी वाचवायला तो आला होता. तोवर इकडे वसई शरण आली होती. वेढा बसून महिनाही झाला नव्हता.

काहीजण तीन महिने विरुद्ध एक महिना अशी तुलना करून १७८० च्या शिबंदीला कमी लेखतात. मला ते पटत नाही. १७३९ च्या शिबंदीसमोर सुरुंगाची दारू होती, १७८० च्या शिबंदीच्या डोक्यावर उखळी गोळे पडत होते. आणि दोघांनाही मदत बाहेरून येणार होती ती आली नाही. सारखेपणा या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पुढचं थोडक्यात. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांनी सोडली नाही. त्यांना काय ठेवायचं आणि काय परत द्यायचं हे बरोबर कळत होतं. साष्टीशिवायची वसई म्हणजे कडी दुसऱ्याच्या हातात असलेलं दार. आणि तसंच झालं. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हार खाऊन दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजी जहाजातून वसईला आले. ३१ डिसेंबर १८०२ ला तिथे तह झाला: सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि परराज्यांशी बोलणं इंग्रजांच्या सल्ल्याने. ज्या वसईसाठी पहिल्या बाजीरावांच्या भावाने हजारो माणसं खर्ची घातली, त्याच वसईत एकही गोळी न उडता पेशवाईचं स्वातंत्र्य कागदावर उतरवलं गेलं. या ओळीवर मी दरवेळी थांबतो. १८१८ ला जे झालं ते या कागदाचं उरलेलं काम होतं.

आज तटाच्या आत ताडामाडांच्या झाडीत चर्चच्या भिंती उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीतच थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, पोर्तुगीज अक्षरं झिजत चाललेली, वरून पायवाट. जवळच नागेश्वराचं देऊळ, तिथे रोज पूजा होते. चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, त्याच्याभोवती शाळेची मुलं असतात, आणि बरोबरचे शिक्षक त्यांना तोफेच्या तोंडची गोष्ट सांगत असतात.

मुलांना घेऊन येणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं, की पुतळा झाला, बुरूज झाले, की दक्षिणेकडच्या बंदर-दरवाज्यातून बाहेर यावं. समोर खाडी, कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या, जाळी वाळत घातलेली. पाण्यापलीकडे जी ठेंगणी टेकडी दिसते ती धारावी. तिच्यावरच्या किल्ल्याचे आता थोडेसेच दगड उरले आहेत.